वहिनी ‘नाही’ म्हणताहेत ते नेमकं कशाला?

पत्र:

ताई, नमस्कार. मी 66 वर्षांचा, बायको 63 वर्षांची. आम्ही 1989 मध्ये ठाण्याहून अमेरिकेत आलो. आधी ह्यूस्टन, मग डेट्रॉइटजवळ ट्रॉय आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला स्वतःच्या टाउनहाऊसमध्ये राहतो. यंदा मी निवृत्त झालो. निवृत्तीनंतर आरव्ही, म्हणजे पलंग, ओटा, संडास सगळं आत असलेली मोठी गाडी, घ्यायची आणि अमेरिका निवांत बघायची, हे माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. परवा हर्शीच्या आरव्ही प्रदर्शनात 34 फुटी क्लास ए, म्हणजे बससारखी मोठी आरव्ही, मनात भरली आणि मी डिपॉझिट भरून आलो. घर वर्षभर भाड्याने द्यायचं आणि निघायचं, असा बेत आहे. पण ही ऐकूनच घेत नाही. म्हणते, ‘विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं हे वय आहे का?’ संडासाची टाकी, तिचे गुडघे, तिची शुगर अशी कारणं देते. शिवाय मुलगी प्रिन्स्टनला आहे आणि नात आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे असते. एकदा तर म्हणाली, ‘तिथेही भांडी मीच घासायची ना?’ मी ते हसण्यावारी नेलं. ही मूळची वेंगुर्ल्याची, समुद्र पाहिला की खुलते, पण या बेताचं नाव काढलं की गप्प होते. गाडी एकदम दारात आणून उभी कर, मग येईल, असं एक मित्र सांगतो. तिला कसं पटवू?

— एक वाचक, एडिसन

उत्तर:

नमस्कार. आम्ही दोघंही बरीच वर्षं अशा गाडीतून फिरतो आहोत. सकाळी दार उघडलं की पुढ्यात तळं, चहा आपल्या हातचा, अंथरूण आपलं. हे सुख काय असतं ते मला ठाऊक आहे आणि तुम्हाला दोघांनाही ते मिळावं असं मनापासून वाटतं. म्हणूनच जरा स्पष्ट लिहिते.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वहिनींनी सांगितलेली कारणं तुम्ही एकापाठोपाठ एक मांडलीत, जणू प्रत्येकाला एकेक उत्तर शोधलं की काम झालं. टाकीचं उत्तर आहे, गुडघ्यांचंही आहे, त्याकडे येतेच. पण पत्राच्या सुरुवातीला तुम्ही सहज लिहून गेलात ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ठाणे, ह्यूस्टन, ट्रॉय, एडिसन. दर वेळी नोकरी तुमची बदलली आणि घर वहिनींनी आवरलं. खोकी बांधली, मुलीची शाळा बदलली, नव्या गावात वाणसामान कुठे मिळतं ते शोधलं, ओळखी पहिल्यापासून जोडल्या. आता कुठे त्यांचं बस्तान बसलंय, हाकेच्या अंतरावर लेक आहे, मांडीवर नात आहे. आणि तुम्ही म्हणताय, घर भाड्याने देऊ आणि निघू. विंचवाच्या बिऱ्हाडाचा टोमणा त्यांनी गाडी बघून मारलेला नाही. पस्तीस-छत्तीस वर्षांत त्यांचं जे झालं, त्यावर त्या बोलताहेत. त्यांचा नकार पुन्हा एकदा घर मोडण्याला आहे, असं मला वाटतं. फिरण्याला असता तर समुद्र पाहून खुलल्या नसत्या.

म्हणून पहिली गोष्ट, वर्षभराचा बेत आणि घर भाड्याने देण्याचा विचार दोन्ही बाजूला ठेवा. ‘तू म्हणशील तेव्हा’ अशी मोघम तडजोड नको. त्यांना समोर बसवून सांगा की घर आहे तसं राहील, त्याची किल्ली तुझ्याकडे राहील आणि प्रत्येक प्रवासाची परतीची तारीख निघायच्या आधी ठरलेली असेल. नातीचे तीन दिवसही गृहीत धरा. मुलीशी आधी बोलून, तिची सोय लागेल अशाच आठवड्यात निघा. ही सोय लावायचं काम तुमचं. ते वहिनींवर टाकलंत तर बेत तुमचा आणि त्याची धावपळ त्यांची, हेच पुन्हा होईल.

दुसरी गोष्ट भांड्यांची. ते वाक्य तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण मला ते सगळ्या पत्रातलं सर्वांत खरं वाक्य वाटतं. निवृत्ती तुमची झाली आहे. वहिनींच्या स्वयंपाकघराला निवृत्ती कधी मिळाली? आरव्हीत ओटा हातभर असतो, सिंक परातीपेक्षा जेमतेम मोठं आणि पाणी टाकीत असेल तेवढंच. घरच्यासारखा साग्रसंगीत स्वयंपाक त्या जागेत रोज करायचा म्हणजे शिक्षाच. तेव्हा प्रवासातला स्वयंपाक आणि भांडी तुमच्याकडे घ्या, आणि त्याची सुरुवात आजपासून घरीच करा. आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी. खिचडी, पिठलं, ऑम्लेट, टोमॅटोचं सार एवढं जमलं तरी चालेल. पोळ्या फ्रोझन घ्या, एडिसनला त्याची काय वाण आहे! तुमच्या हातची खिचडी महिनाभर घरात शिजलेली पाहिली की मग तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला त्यांना काही कारण मिळेल.

एक व्यवहाराची सूचना. फोडणी गाडीत घालू नका. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो आणि हिंग-मिरचीचा वास उशा-चादरींत दिवसच्या दिवस राहतो. एक सुटी गॅसची शेगडी न्या आणि बाहेरच्या टेबलावर शिजवा. तुमची इंडक्शनची शेगडी न्यायची असेल तर विजेचा हिशोब समजून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्या 30 अँपिअरच्या असतात, म्हणजे 120 व्होल्टवर सगळी मिळून 3600 वॉट. एसी चालू, इंडक्शन चालू आणि त्यात मायक्रोवेव्ह लावलात की ब्रेकर पडलाच.

आता टाकी. वहिनींना किळस वाटते यात वावगं काहीच नाही. गाडीत तीन टाक्या असतात, स्वच्छ पाण्याची, सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची आणि संडासाची. शेवटचीला सगळे ब्लॅक टँक म्हणतात. ती रिकामी करायचं काम पहिल्या दिवसापासून कायमचं तुमचं, त्यात पाळी लावायची नाही. हातमोजे घालायचे, जाड पाइप कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे गाडी मुक्कामाला लावायच्या जागेच्या, सीवरला (गटाराच्या जोडणीला) नीट बसवायचा, आधी ब्लॅक सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. सीवर जोडलेला असला तरी ब्लॅकची झडप एरवी बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी बसतं. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, आणि तो या सामानाजवळ ठेवायचासुद्धा नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. शिवाय चांगल्या खासगी कॅम्पग्राउंडवर स्वच्छ बाथरूम आणि गरम पाण्याचे शॉवर असतात. जागा ठरवताना आधी त्याचीच चौकशी करा. पहिल्या प्रवासात तर वहिनींनी गाडीतला संडास वापरला नाही तरी काही बिघडत नाही.

गुडघ्यांचं मात्र गाडीवर अवलंबून आहे. क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनमागे खोली बांधलेली, सहसा लहान आरव्ही. तिच्यात ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग असतो, तिथे शिडीने चढावं लागतं, तो विसराच. मागे पलंग असला तरी तो कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला नको. नाहीतर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं, आणि शुगर असलेल्या माणसाला रात्री बऱ्याचदा उठावं लागतं. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग हवा. दाराच्या पायऱ्या किती उंच आहेत ते वहिनींना स्वतः चढून-उतरून बघू द्या. प्रदर्शनात तुम्ही डॅशबोर्ड आणि सोफे बघितले असतील, तिथे त्या असत्या तर आधी पायऱ्या बघितल्या असत्या.

शुगरवरून आणखी एक, आणि हे तुम्ही अजिबात लक्षात घेतलेलं दिसत नाही. तुम्ही 66 चे, म्हणजे मेडिकेअर, ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, आहे. वहिनी 63 च्या, त्यांना ते 65 व्या वर्षी मिळणार. तोपर्यंत त्यांचा विमा कुठलातरी खासगी असणार आणि अशा बऱ्याच विम्यांचं डॉक्टरांचं जाळं आपल्या भागापुरतंच असतं. बाहेर इमर्जन्सी चालते, पण साधा डॉक्टर दाखवायचा म्हटलं की खिशातून जातात. तुमचंसुद्धा ओरिजिनल मेडिकेअर असेल तर ते स्वीकारणाऱ्या कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरकडे चालेल, पण खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर ॲडव्हांटेज घेतलं असेल तर तिथेही जाळं तपासा. वर्षभर ॲरिझोना-युटामध्ये फिरताना वहिनींचा डॉक्टर एडिसनला, ही भीती पोकळ नाही. वहिनी त्यांच्या दोन वर्षांपुरतं तरी बरोबर बोलताहेत. आठ-दहा दिवसांच्या प्रवासात हा प्रश्न पुरेशी औषधं बरोबर घेऊन सुटतो. वर्षभराच्या प्रवासात नाही.

तर मग करायचं काय? विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. भाड्याने मिळणाऱ्या साधारण 25 फुटांच्या क्लास सीला तुमचा नेहमीचा परवाना चालतो. भाड्याखेरीज मैलांचे आणि जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे लागतात आणि गाडी गॅलनभर पेट्रोलवर 8 ते 12 मैल एवढीच जाते, हे धरून हिशोब करा. पहिल्यांदा फक्त दोन रात्री, एकाच जागी, घरापासून दोन-अडीच तासांवर. वीज, पाणी आणि सीवर तिन्ही जोडता येईल अशी जागा घ्या.

कुठे? केप मे, न्यू जर्सीचं दक्षिणेचं टोक. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे धरला की तो जिथे संपतो तिथेच. आजूबाजूला कॅम्पग्राउंड पुष्कळ आहेत आणि सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे उलटला की गर्दी ओसरते. शरद ऋतूत उत्तरेकडून निघालेले ससाणे आणि मोनार्क फुलपाखरं दक्षिणेला जाताना याच टोकावर जमतात, ऑक्टोबरमध्ये ते बघायला लांबून लोक येतात. 1859 चा दीपस्तंभ आहे. त्याच्या 199 पायऱ्या वहिनींनी चढायची गरज नाही, खाली वाळूत बसलं तरी समुद्र तोच. ऑक्टोबरअखेर बरीच कॅम्पग्राउंड बंद होतात आणि थंडीत पाइप गोठतात, म्हणून यंदा महिनाभरात जमलं नाही तर सरळ मेमध्ये जा. घाईगर्दीने काही साधणार नाही.

ते दोन दिवस वहिनींना आवडले तरच पुढचं. केप मेहून फेरीत गाडी घालायची, डेलावेअरचा उपसागर ओलांडून साधारण दीड तासात लुइसला उतरायचं आणि दक्षिणेला मेरीलँडमधलं ॲसाटीग बेट गाठायचं. तिथे रानटी घोडे वाळूवरून फिरत असतात आणि गाडी थेट किनाऱ्याच्या टेकाडामागे लावता येते. पण तिथल्या राष्ट्रीय किनाऱ्याच्या कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही, शॉवर गार पाण्याचे आणि डास जबरदस्त. पहिल्याच खेपेला तिथे नेलंत तर पुन्हा नाव काढायची सोय राहणार नाही.

जाण्याआधी सीनिअर पास काढा. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल आणि वय 62 पूर्ण असेल तर 80 डॉलरमध्ये तो आयुष्यभरासाठी मिळतो. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मिळतोच, शिवाय सरकारी कॅम्पग्राउंडवर बहुतेक ठिकाणी भाडं निम्मं होतं. तो वहिनींच्या नावाने काढा, त्यांचंही वय बसतं. जिच्याकडे पास, तिच्या नावाने जागा. मग कुठे जायचं हेही त्यांनाच ठरवू द्या. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या संकेतस्थळावर बऱ्याच जागा सहा महिने आधी खुल्या होतात. थंडीत घरी बसून दोघांनी नकाशा उघडावा, पण माउस वहिनींच्या हातात असू द्या.

गाडी चालवायलाही त्यांनी शिकायला हवं, जमेल तेवढं. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, सावकाश, तुम्ही न ओरडता. वाटेत तुमच्या छातीत दुखू लागलं तर गाडी कडेला घेऊन जवळच्या गावात नेता आली पाहिजे. ती येत नसेल तर 34 फुटी गाडीत बसलेल्या बाईला असहाय वाटणारच, आणि ते त्या बोलून दाखवणार नाहीत.

त्या 34 फुटांबद्दल आता बोलते. तुम्हाला वाईट वाटेल, पण दोन माणसांना एवढी गाडी लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांतली जुनी कॅम्पग्राउंड छोट्या गाड्यांच्या काळात बांधलेली आहेत, तिथल्या अनेक जागांत ती मावणारच नाही. व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानाच्या स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉकचा बोगदा आहे, उंची 12 फूट 8 इंच. छतावरच्या एसीसकट क्लास एची उंची मोजून बघा. लाँग आयलंडला कोणाकडे जायचं तर न्यूयॉर्कच्या पार्कवेवरचे पूल इतके बुटके आहेत की तो रस्ताच विसरायचा. बाल्टिमोरच्या दोन्ही बंदर-बोगद्यांतून 10 पाउंडांपेक्षा मोठं प्रोपेनचं सिलिंडर नेता येत नाही. पूर्वी अशा गाड्या तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. तो 26 मार्च 2024 ला जहाज आदळून कोसळला, त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. फोनवरचा नेहमीचा नकाशा यातलं काही सांगत नाही. लहान गाडीलाही प्रोपेनचा नियम लागूच आहे, पण निदान पूल आणि वळणं तरी जिवावर येत नाहीत. शिवाय टाउनहाऊसच्या बहुतेक सोसायट्या दारात आरव्ही उभी करू देत नाहीत. तुमची देत असेल तर छानच, नसेल तर दरमहा स्टोरेजचं भाडं, विमा आणि हिवाळ्याआधी पाइपांतून पाणी काढून अँटिफ्रीझ भरायचं काम, हे सगळं गाडी जागची हलली नाही तरी चालूच. आणि नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते.

तुमच्या मित्राचं, गाडी दारात आणून उभी करायचं, कृपा करून ऐकू नका. ज्या बाईने तुमच्या प्रत्येक बदलीला मान डोलावली, तिला या वयात न विचारता घर बदलून द्यायचं आणि वर तिने हरखून जावं अशी अपेक्षा करायची? वहिनी येतीलही. तुमचा हट्ट मोडवणार नाही म्हणून निमूट गाडीत बसतील. तशा आल्या तर तुमच्या मनातला प्रवास घडणार नाही, हे तुम्हालाही कळतं, नाहीतर मला पत्र लिहिलं नसतंत.

आणि केप मेच्या दोन रात्रींनंतरही त्या नको म्हणाल्या तर? तर तो नकार पुरता माना. तुम्ही एखाद्या मित्राला घेऊन वर्षातून पंधरा दिवस भाड्याच्या गाडीने जा, वहिनी नातीजवळ राहतील, फोनवर बोलाल. किंवा त्यांना मोटेल सोयीचं वाटत असेल तर तेच समुद्र नेहमीच्या गाडीने बघा. कॅम्पग्राउंडवर केबिनही मिळतात. तुमचं स्वप्न अमेरिका बघायचं आहे ना? चाकांवरचा पलंग हा त्याचा एक भाग आहे, आणि तो सोडून देता येतो.

आज संध्याकाळी त्यांच्याशी बोलताना ब्रोशर टेबलावर ठेवू नका. ‘तुला काय नको आहे ते सगळं सांग’ म्हणा आणि त्या सांगत असताना उपाय सुचवू नका. तुम्ही इंजिनिअर असाल असा माझा अंदाज आहे, तुम्हाला ते जड जाईल, तरीही. ह्यूस्टन सोडतानाचं काही निघेल, ट्रॉयच्या पहिल्या हिवाळ्याचं निघेल. ते ऐकून घ्या, त्या दिवशी गाडीचा विषय पुन्हा काढू नका.

पण एक काम त्याच्याही आधी करायचं आहे. प्रदर्शनात केलेला सौदा तीन दिवसांत रद्द करता येतो असा पुष्कळांचा समज असतो. तसा संघराज्याचा एक नियम आहे खरा, पण विक्रेत्याचा स्वतःचा कायमचा शोरूम असेल तर प्रदर्शनात विकलेल्या गाड्यांना तो लागू होत नाही. म्हणजे तुमचं डिपॉझिट परत मिळेल की नाही हे मुख्यतः तुम्ही सही केलेल्या कागदावर अवलंबून आहे. तो कागद आजच काढा, परताव्याची अट आणि मुदत वाचा आणि मुदत उरली असेल तर रद्द केल्याचं पत्र लेखी पाठवा, नुसता फोन करू नका. त्याची प्रत वहिनींना दाखवा.